तोंड मिटलेला तुकडा

थेंब पडत होते यात नवीन काही नव्हतं. बंद तलावाच्या छताला घाम येतोच. खाली पाणी कोमट, वर पत्रा गार, आणि मधली हवा इतकी ओली की चष्मा पुसून हात खाली येईपर्यंत काच पुन्हा धूसर व्हायची. ती रोजच्यासारखी कडेच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आईची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि कशाचाही विचार करत नव्हती. मग तिला दिसलं की थेंब ओळीत पडताहेत. सगळे नाहीत. बाकी तलावभर ते कुठेही पडत होते, एक इथे, एक तिथे, मन मानेल तसे. पण खोल बाजूला, छताच्या दोन पोलादी चौकटींच्या बरोबर मधोमध, पाण्यावर चार वर्तुळं शेजारी शेजारी उमटत होती. विरत होती. पुन्हा तिथेच उमटत होती. कुणी फूटपट्टी धरून टिंबं काढावीत तशी, तलावाच्या रुंदीत आडवी. तिनं चष्मा काढला, बाहीनं पुसला, पुन्हा लावला. ओळ होती.

सरळ दांड्याला लागलेलं पाणी कुठेही थबकतं, कारण त्याला जायला जागा नसते. दांड्याला झोळ असेल तर मात्र ते पोटाखालून घरंगळत सगळ्यात खालच्या बिंदूशी येतं आणि तिथून सुटतं. ओले कपडे टाकलेल्या दोरीसारखं. म्हणजे त्या चार वर्तुळांच्या वर चार दांडे होते आणि चारही मध्यावर खाली आले होते. किती? डोळ्यांना दिसेल इतके नक्कीच नाही. ती वर पाहत राहिली. राखाडी, एकसारखे, इंग्रजी झेडच्या आकाराचे लांब दांडे एका चौकटीवरून दुसऱ्या चौकटीवर गेलेले, त्यांच्यावर पत्रा बसवलेला. कारखान्यात त्यांना पर्लिन म्हणत. हे दांडे तिच्याच कारखान्यात झाले होते. मागच्या हिवाळ्यात त्यातल्या प्रत्येक गठ्ठ्याच्या पहिल्या दांड्याला तिनं स्वतः गेज लावून पाहिलं होतं.

"अगं, एवढं वर काय बघतेस? मान अवघडेल," आई पाण्यातून म्हणाली. तलाव एका लांब भिंतीशी खोल आणि समोरच्या लांब भिंतीशी उथळ होता; ती उथळ बाजूच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात, एका हातानं भिंतीवरची आधाराची नळी धरून, डोक्यावर रबराची निळी टोपी घालून चालत होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला पाण्यात चालायला सांगितलं होतं आणि आईनं ते परीक्षेच्या अभ्यासासारखं मनावर घेतलं होतं. छाती पुढे, हनुवटी वर, टाच आधी. तिच्यामागून येणाऱ्या दोघी बायकांना ती तोंडानं दामटत होती. "चला, चला, भाजी निवडायला नाही आलोय आपण." पहिल्याच आठवड्यात तिनं तलावातल्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "हे छत आहे ना, माझ्या मुलीनं केलंय." मुलीनं म्हटलं होतं, आई, मी फक्त तपासते. आई म्हणाली होती, "मग तेच. केलेलं कुणीही करतं. तपासतो तो खरा."

पाणी कोमट होतं, याचंही आईला कौतुक होतं. गेल्या महिन्यात छतावर पाणी तापवायची काळी पॅनेल चढवली होती, दक्षिणेच्या तिन्ही गाळ्यांवर, म्हणजे दोन-दोन चौकटींमधल्या भागांवर, सारखीच. तिनं मनात वजनाचा अंदाज केला आणि तो सोडून दिला, कारण वजनाचा प्रश्नच नव्हता. वजन ठेवलं की दांडा वाकतो, काढलं की परत येतो, त्यात भिण्यासारखं काही नाही. शिवाय नरम पोलाद आणि कडक पोलाद एकाच वजनाखाली सारखंच वाकतं. कॉलेजात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला हे पटलंच नव्हतं. तिनं प्रयोगशाळेत दोन पट्ट्यांना वजनं लटकवून पाहिल्यावरच मान्य केलं होतं. फरक पडतो तो पुढे. एका हद्दीनंतर नरम पट्टी परत यायचं विसरते. तीन गाळ्यांवर सारखंच वजन असेल तर झोळही सारखाच हवा, ओळी तीन हव्यात किंवा एकही नको. ओळ एकच होती. याचा अर्थ त्या एका गाळ्यातले दांडे नुसते वाकले नव्हते. ते वाकून राहिले होते. हा विचार तिच्या मनात इतका नीट, इतका पायरीपायरीनं आला की क्षणभर तिला बरंच वाटलं, गणित सुटल्यासारखं, आणि मग तिनं वर्तुळं पुन्हा मोजली.

माहेरी आलेल्या मुलीसारखं चाललंय, असं हे दांडे निघाले त्या दिवशी काटकोन म्हणाला होता. काटकोन म्हणजे मशीनचा सेटर. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं. एरवी सगळे त्याला काटकोन म्हणत, कारण तो जेवणाचा डबासुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवायचा. मशीन म्हणजे एक लांबच लांब रांग होती, रोलांच्या जोड्यांची. एका टोकाला पोलादाच्या पट्टीचं भलंमोठं वेटोळं, कॉइल, फिरत राहायचं. पट्टी त्यातून सुटून पहिल्या जोडीत शिरायची आणि तिथे तिला काही कळायच्या आत कडा थोड्याशा उचलल्या जायच्या. दुसऱ्या जोडीत आणखी थोड्या. कुठलीच जोडी फार काही करत नसे. जवळ उभं राहून पाहिलं तर वाटे, इथे काहीच होत नाहीये. आणि शेवटच्या जोडीतून मात्र पट्टी पट्टी राहिलेली नसे. तिला नोकरीला लागल्यावर पहिले काही दिवस हे पाहताना अंगावर काटा यायचा. तिनं काटकोनला विचारलं होतं, नेमकं कुठे वळतं हो हे? तो हसून म्हणाला, "ते कुठे कुणाला कळतं, मॅडम? माझ्या बायकोला विचारा मी कुठे वळलो."

पोलाद परत येतं, हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. किती येतं, ते तिथे कळलं. नव्वद अंश हवे असतील तर नव्वदच्या पुढे वाकवावं लागतं. सोडलं की ते थोडं उघडतं आणि बरोबर नव्वदवर येऊन थांबतं. म्हणजे प्रत्येक काटकोनाच्या पोटात थोडा जास्तीचा बाक असतो, जो दिसत नाही. पोलाद जितकं कडक, तितकं ते जास्त परत येतं. ते परत येणं हीच त्याची ताकद, हे तिला तेव्हाही माहीत होतं. माहीत असणं आणि त्या क्षणी आठवणं यांच्यामध्ये केवढी जागा असते. त्या दिवशी नवीन कॉइल चढवल्यावर पहिला दांडा बाहेर आला तो जास्तच मिटलेला. कोपरा नव्वदच्या आत. काटकोननं च्च च्च केलं, शेवटच्या दोन जोड्यांचे बोल्ट जरासे ढिले केले, दुसरा दांडा काढला. तिनं गेज लावलं. गेज म्हणजे पोलादाचाच एक कापलेला साचा. तो कोपऱ्यात बसवून उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला नाही की झालं. उजेड दिसला नाही. मोटरचा आवाजही त्या दिवशी खालच्या पट्टीत होता, कण्हल्याशिवाय चाललेला. "बघा," काटकोन म्हणाला होता, "माहेरी आलेल्या मुलीसारखं चाललंय. ना कुरकुर, ना रुसवा." सगळे हसले होते. ती हसली होती. कॉइल संपली, पुढची चढली आणि पहिलाच दांडा फाकलेला आला. काटकोननं शिव्या घालत तेच बोल्ट पुन्हा आवळले. तिनं पुन्हा गेज लावलं. उजेड दिसला नाही.

दोन दुरुस्त्या. एक ढिली करण्याची, एक आवळण्याची, आणि त्या दोहोंच्या मध्ये एक कॉइल. मशीन बिघडलं नव्हतंच. मशीन सांगत होतं, आज माझ्या तोंडात दिलंय ते वेगळं आहे. आणि त्यांनी मशीनचं तोंड दुरुस्त केलं. अशी चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यात कुणी करू शकेल असं तिला वाटेना: तापलेल्या माणसाला ताप नाही असं दाखवणारा थर्मामीटर बनवायचा आणि मग समाधानानं हात पुसायचे. रॅकवर अर्धवट वापरलेल्या कॉइल असायच्याच. कोनपट्ट्या आणि दाराच्या चौकटी करायला लागणारं नरम पोलाद त्याच जाडीचं, त्याच रुंदीचं असे. चिठ्ठी बाहेरच्या वेढ्यावर डकवलेली, म्हणून पहिले वेढे वापरले की तीही जायची. मग क्रेनवाला कॉइलच्या कडेला खडूनं खूण करायचा. खडू. ओल्या हातानं पुसला जाणारा खडू.

आई पायऱ्या चढून बाहेर आली तेव्हा मुलीनं टॉवेल पुढे केला. "काय झालं?" आईनं विचारलं. काही नाही. "तोंड असं का मग?" असंच. वर्तुळं उमटतच होती. शिट्टीवाला, म्हणजे पाण्यावर लक्ष ठेवायला उंच खुर्चीत बसणारा माणूस, गळ्यातली शिट्टी दातात धरून पेंगत होता. त्याला सांगावं असं वाटून ती दोन पावलं गेलीही. मग थांबली. काय सांगणार? की थेंब रांगेत पडताहेत?

लहानपणी घरी तिला भोंगा म्हणत. ज्या इमारतीत ते राहत तिथे एका दुपारी तिला जिन्यात वास आला आणि ती गॅस, गॅस म्हणून ओरडत वरपासून खालपर्यंत धावली. दारं उघडली. म्हातारी माणसं धरून खाली आणली, कुणी अर्धी दाढी केलेला, कुणी कणकेच्या हातानं. वास तळमजल्यावरच्या सुताराच्या पॉलिशचा निघाला. लोक हसले, तसे चांगल्या मनानंच हसले; पण पुढे कित्येक महिने जिन्यात भेटणारा प्रत्येकजण नाक वर करून हुंगायचा आणि म्हणायचा, काय भोंगाबाई, आज कसं काय? आई हसली नव्हती. आई टेलिफोन खात्यात होती, दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून द्यायची, आणि विनाकारण बोललेला एकही शब्द तिला सहन होत नसे. तिनं मुलीला समोर बसवून शांतपणे सांगितलं होतं, "वास आला की एकदा घ्यायचा. मग थांबून पुन्हा घ्यायचा. दोनदा आला तरच तोंड उघडायचं." रागावली नव्हती. रोज थोडं थोडं. शाळेतून येऊन काही सांगायला लागलं की आई विचारायची, दोनदा पाहिलंस? कुठल्याही एका दिवशी काहीच झालं नव्हतं. आणि आता ती अशी होती: गेज उजेडाकडे दोनदा धरणारी, चांगल्या हुद्द्यावरची, जिच्या तोंडून घाईचा शब्द कुणी ऐकला नव्हता. आईला त्याचा अभिमान होता. कधीकधी, मशीनपाशी उभं असताना, तिला उगाच वाटायचं की आपल्याला जरा जास्तच वाकवलंय आणि आपण परत येतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना ती आईला म्हणाली, "आज तलावावर जाऊ नकोस."

"का?"

"नको एवढंच."

"अगं पण का? पाणी बदलताहेत का?"

"छताबद्दल जरा शंका आहे. अजून खात्री नाही."

आईनं कप बशीत ठेवला. "मग खात्री झाली की सांग," ती म्हणाली, आणि वर्तमानपत्र उघडलं. यात टोमणा नव्हता. तो नियम होता, आणि तो नियम शिकवणारीच समोर बसली होती.

कारखान्यात तपासणीच्या टेबलामागे भिंतीवर एक तार होती. तिथली जुनी रीत अशी की प्रत्येक नव्या कॉइलच्या पहिल्या पास झालेल्या दांड्याचं टोक, बोटभर रुंद, कापून त्या तारेला लटकवायचं. त्याचा उपयोग काय, हे कुणालाच धड सांगता येत नसे. सुरुवात कुणी केली तेही नाही. झाडताना ते तुकडे एकमेकांवर वाजत. तिनं त्या हिवाळ्यातले तुकडे उतरवले आणि टेबलावर ओळीनं उभे केले. आणि तिला हात लावायच्या आधीच दिसलं. दांडा कापला की त्याच्या आत कोंडलेला ताण कापलेल्या तोंडाशी सुटतो, म्हणून टोक किंचित फाकतं. कडक पोलाद जास्त फाकतं. गेज कधी टोकाला लावत नाहीत, आत वीतभर लावतात, म्हणून हे कुणी मोजत नाही. टेबलावरच्या सगळ्या तुकड्यांची तोंडं जराशी उघडी होती, काहीतरी सांगायच्या बेतात असल्यासारखी. एकाचं मिटलेलं होतं. अगदी व्यवस्थित, शहाण्या मुलीसारखं मिटलेलं. इतके महिने तो तिच्या पाठीमागे लटकत होता.

तिनं त्याची एक पट्टी कापून शिकंज्यात धरली आणि हातानं वाकवून सोडली. ती होती तिथेच राहिली. शेजारच्या तुकड्याची पट्टी धरली, तेवढीच वाकवली, सोडली. ती टण्ण करून परत आली. एकदा वास आला. तिनं दोन्ही पट्ट्या उलट्या धरल्या आणि पुन्हा तेच केलं. टण्ण, आणि मग काहीच नाही. त्या काहीच नाहीचा आवाज सगळ्या शेडमध्ये भरून राहिल्यासारखा वाटला.

"गेज बसलं होतं," मागून काटकोन म्हणाला. तो केव्हा येऊन उभा राहिला होता कोण जाणे.

"हो काका. बसलं होतं."

"तुम्हीच लावलं होतंत."

"मीच लावलं होतं."

"माझं काम मशीन बरोबर करायचं. ते मी केलं." तो हे वाक्य भांडणासारखं बोलायला आला होता, पण ते अर्ध्यातच खाली बसलं. त्यानं मिटलेला तुकडा उचलला, अंगठा आतल्या कोपऱ्यावरून फिरवला, तोंडाशी आणून थांबवला. "हा कुठे गेला? ह्या कॉइलचा माल?"

"तलावावर. जिथे माझी आई जाते."

काटकोननं तुकडा टेबलावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक, तो कडेला समांतर ठेवला नाही. "साहेबांना दाखवा," तो म्हणाला. "चला, मीही येतो. ढिले मीच केले होते बोल्ट."

साहेब फोनवर होते. फोन संपल्यावर त्यांनी दोन्ही पट्ट्या हातात घेऊन पाहिल्या, एक दोनदा वाकवली, आणि चेहरा थोडा उतरला. ते वाईट माणूस नव्हते. पण मग ते बोलू लागले आणि बोलता बोलता चेहरा पुन्हा जागेवर आला. हिशेबात नेहमी जास्तीची ताकद धरलेली असते. उभारणाऱ्यांनी पाहिलंय, पालिकेच्या माणसांनी पाहिलंय. ह्याच गाळ्यात तोच माल गेला हे कशावरून? थेंबांवरून? "मॅडम, तुम्ही सायन्सच्या. थेंबांवरून छताची परीक्षा करतात, असं कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही. पण तसं होतं."

"मी उद्यापरवा मापं घ्यायला माणूस पाठवतो. तोवर ह्या शेडबाहेर एक शब्द नको. उगाच बोंब झाली की मग आपण खरं सांगितलं तरी लोक बोंबच ऐकतात."

"आणि तोवर तलाव?"

"तलाव काय आपला आहे बंद करायला?"

काटकोन म्हणाला, "साहेब, फोन तरी करा त्यांना." साहेबांनी फोन उचलला, नंबर फिरवला, कानाला धरून बसले. पलीकडे वाजत राहिलं. तिला इतक्या लांबून तो वाजण्याचा आवाज ऐकू येत होता, आणि तो कुठे वाजतोय तेही दिसत होतं: तिकीट खिडकीतल्या लाकडी फळीवर, कुलूप लावलेल्या खिडकीच्या आत, कारण दुपारी तिकिटं देणारी बाई जेवायला जाते. साहेब म्हणाले, उचलत नाहीत. ती तोवर दाराबाहेर होती.

रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की मिटलेला तुकडा तिच्या मुठीत आहे. त्याच्या कडा तळव्यात रुतल्या होत्या. रस्त्यावर सगळं नेहमीचं होतं आणि सगळ्याला छतं होती. पेट्रोल पंपाचं छत, शाळेच्या सायकली ठेवायचं छत, भाजीच्या गाळ्यांचं, दवाखान्याच्या दाराशी रांगेसाठी केलेलं. त्यांच्याखाली माणसं उभी होती, कुणी बोट नाकात घालून, कुणी फोनवर भांडत, आणि एकहीजण वर पाहत नव्हता. वर पाहायचं नसतं म्हणूनच तर छत असतं. तिला एकदम सगळ्या दांड्यांच्या आतला ताण जाणवला, शहरभर आडवा पसरलेला, परत यायच्या तयारीत दबून राहिलेला, आणि त्यात कुठेकुठे न परतणाऱ्या जागा, गप्प, गेजमध्ये अचूक बसलेल्या. तिनं रिक्षावाल्याला सांगितलं, जरा लवकर. तो म्हणाला, "ताई, पंख लावू का?"

तलावाच्या दारातच ओल्या हवेचा वास आला, क्लोरीनचा, रबराचा, माणसांचा. आई नेहमीच्या वेळेच्या आधीच आली होती. निळी टोपी भिंतीलगतच्या पट्ट्यात लांबच्या टोकाला चाललेली दिसत होती, पाठमोरी. तिनं आधी पाण्याकडे पाहिलं. ओळ होती. पण काल ती खोल बाजूच्या चार वर्तुळांपाशी संपत होती, आणि आज ती पुढे आली होती. पाचवं वर्तुळ होतं, सहावंही, आणि त्याच्यापुढे एक, जे उमटायचं, बराच वेळ थांबायचं आणि पुन्हा उमटायचं, जणू जागा पक्की करत होतं. ती उभी राहून पाहत राहिली आणि तिला कळत होतं की पाहत राहणं चूक आहे. एक दांडा खचला की पत्रा त्याचा भार शेजारच्याकडे सरकवतो. शेजारचा घेतो. शेजारचा तरी कुठून कडक, तोही त्याच कॉइलचा. तो घेतो, मग त्याच्या शेजारचा. वरचे दांडे, माणसांनी एकमेकांच्या कानात काही सांगावं तसे, भिंतीच्या दिशेनं एकेक खचत येत होते. आणि भिंतीलगत आई चालत होती.

"अहो," ती शिट्टीवाल्याला म्हणाली, "सगळ्यांना बाहेर काढा."

त्यानं वरून तिच्याकडे पाहिलं. "काय झालं? कुणी घाण केली का पाण्यात?"

"छत. छताचे दांडे गेलेत. ते थेंब बघा."

त्यानं बघितले. "घाम येतो हो ताई. रोजच येतो. पत्रा तापला की थांबतो."

"मी ते दांडे करणाऱ्या कारखान्यातली आहे. शिट्टी वाजवा."

"मला ऑफिसातून सांगितल्याशिवाय नाही वाजवता येत. ऑफिसातल्या बाई जेवायला गेल्यात."

तेव्हा तिनं तोंड उघडलं. आधी काहीच आलं नाही, घशातून नुसती हवा आली, इतकी वर्षं न वापरलेल्या नळासारखी. मग आवाज आला आणि तो तिला ओळखूच आला नाही. तो जिन्यातला होता, फाटका, उंच, एका लहान मुलीचा. बाहेर या. सगळे बाहेर या. छत पडतंय. तो पत्र्यावर आपटून दुप्पट होऊन परत आला. पोहणारे थांबले. कुणीतरी हसलं. एकानं पाण्यातूनच विचारलं, "खरंच की ड्रिल आहे?" पण माणसं निघायला लागली, आधी कडेची, मग त्यांच्याकडे बघून मधली, हातानं कठडा धरून, कुरकुरत, चप्पल शोधत. भिंतीलगतच्या दोघी बायकाही पायऱ्यांकडे वळल्या. लांबच्या टोकाला निळी टोपी मात्र थांबली होती. आई वळली. तिनं मुलीकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मुलीनं पूर्वी एकदाच, गॅसच्या त्या दुपारी, पाहिलं होतं.

"झाला सुरू भोंगा," आई म्हणाली. हळूच म्हणाली, पण पाण्यावरून ते स्वच्छ ऐकू आलं. "मी नाही येत. इतक्या लोकांत पुन्हा तमाशा नको."

"आई, बाहेर ये."

"माझ्या अजून दोन फेऱ्या व्हायच्यात."

शिट्टीवाला खुर्चीतून उतरून उभा होता, शिट्टी हातात, काय करावं ते न कळून. बाहेर आलेली माणसं टॉवेल गुंडाळून पाहत होती, छताकडे नव्हे, तिच्याकडे. छत जागेवर होतं. प्रत्येक क्षणाला ते जागेवर होतं आणि प्रत्येक क्षणाला ती थोडी थोडी हास्यास्पद होत होती. हे तिला अंगभर समजत होतं, आणि मागे फिरायची सवय तिच्या पायांत गुरगुरत होती. माफ करा म्हणायचं. घाम असेल म्हणायचं. ती मागे फिरली नाही. ती चपलांसकट पायऱ्या उतरली. पाणी गुडघ्याला लागलं, कंबरेला लागलं, कपडे फुगून वर आले. तिनं धावायचा प्रयत्न केला. पाण्यात कुणालाच धावता येत नाही. छातीनं पाणी ढकलत ती भिंतीच्या पट्ट्यातून पुढे चालली, आणि समोर आई नळी घट्ट धरून उभी होती, हनुवटी वर, छाती पुढे.

टप, असा आवाज झाला. लहानसा, रबरावर पडलेल्या थेंबाचा.

आईनं टोपीवरून हात फिरवला. "काल इथे नव्हतं गळत," ती म्हणाली, कुणाला उद्देशून नाही. मग पुन्हा टप झालं, तिथेच. आई हलली नव्हती, थेंबही हलला नव्हता. आईनं मान वर केली आणि वर पाहिलं, बराच वेळ, टेलिफोनवर एखादी लांबची लाइन लागते का ते कान लावून ऐकावं तसं. तिसरा तिच्या कपाळावर पडला. तिनं तो पुसला नाही. आणि मग, एक शब्दही न बोलता, ती मुलीकडे यायला निघाली. टाच आधी, जमेल तितक्या लवकर, म्हणजे फार हळू.

दोघी मध्यावर भेटल्या. तिनं आईचा दंड धरला. तो गार होता आणि अपेक्षेपेक्षा बारीक. दुसऱ्या हाताच्या मुठीत तुकडा अजून होता. पायऱ्यांपर्यंतचं अंतर कारखान्यातल्या त्या रांगेइतकं लांब दिसत होतं. काठावरून शिट्टीवाला, कपड्यांसकट, हात पुढे करून पाण्यात उतरत होता. त्यानं आता वर पाहिलं होतं.

"वास घेतलास?" आईनं विचारलं.

"घेतला."

"दोनदा?"

"दोनदा."

आईनं मान हलवली आणि पाऊल उचललं. वर कुठेतरी, पत्र्याच्या कडेला, एक स्क्रू टण्ण करून सुटला आणि मागच्या रिकाम्या पाण्यात पडला. त्याच्या वर्तुळानं थेंबांची वर्तुळं मोडली. ती पुन्हा जुळली तेव्हा ओळ एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पुरी झालेली होती, आणि आईचा पाय अजून पहिली पायरी शोधत होता.